फौजी बूट, बंद सभागृह आणि आपला मराठवाडा

१९२८ साली इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून तरुण अधिकाऱ्यांची एक तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत हिंदुस्थानातून गेलेल्यांपैकी दोन पोरांची ही गोष्ट. एकाचं नाव अयुब खान, दुसऱ्याचं जयंतनाथ चौधुरी. वीस वर्षांनी, १९४८ साली, चौधुरी हैदराबाद संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झाले. तीस वर्षांनी, १९५८ साली, अयुब खान पाकिस्तानचे सर्वेसर्वा झाले. दोघांच्याही हाती एकच गोष्ट आली होती: सभागृहाशिवाय कायदा करण्याची ताकद. अयुब खानांनी सत्ता दहा वर्षांहून अधिक काळ सोडली नाही. चौधुरींनी सव्वा वर्षात सोडली.

आणि १९६५ च्या युद्धात हेच दोन वर्गमित्र समोरासमोर आले. तिकडे अयुब खान राष्ट्राध्यक्ष, इकडे चौधुरी लष्करप्रमुख.

लोह्याच्या वाचकाने हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या सव्वा वर्षात आपलं गाव चौधुरींच्या अमलाखाली होतं. जगात कुठेकुठे सेनापतींनी विधिमंडळं गुंडाळली याच्या गोष्टी आपण परदेशी म्हणून वाचतो, पण त्यातलं एक पान नांदेड-लातूरचं आहे.

तेव्हाचा पत्ता

१९४८ साली लोहा हे कंधार तालुक्यातलं गाव. जिल्हा नांदेड, सुभा औरंगाबाद, राज्य हैदराबाद, मालक सातवे निजाम मीर उस्मान अली खान. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे. बाजारात हाली सिक्का चालायचा आणि सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये असा हिशोब होता. सरकारी कागदावर उर्दू भाषा आणि फसली साल. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं.

म्हणजे माळेगावच्या जत्रेला पुण्या-सोलापुराकडून कुणी आला, तर तो गाव बदलून यायचा तसाच नाणं आणि कॅलेंडरही बदलून यायचा.

मतदारसंघ: सावकारांचा, वकिलांचा, जहागीरदारांचा

निजामाच्या राज्यात विधिमंडळ नव्हतंच, असं अनेकांना वाटतं. होतं. १८९३ साली तिथे कायदेमंडळाची मुहूर्तमेढ झाली होती. फक्त त्याचा जनतेशी संबंध नव्हता. १९३९ मध्ये निजामाने सुधारणा जाहीर केल्या, त्यातली गंमत आजच्या मतदाराला पटकन पटणार नाही. मतदारसंघ गावाप्रमाणे किंवा तालुक्याप्रमाणे नव्हते, धंद्याप्रमाणे होते. जहागीरदारांचे प्रतिनिधी वेगळे, सावकारांचे वेगळे, वकिलांचे वेगळे. वर हिंदू आणि मुसलमान सभासदांची संख्या समसमान, जरी प्रजेत मुसलमान आठाला एकाच्या आसपास होते.

या योजनेला थोडी डागडुजी करून १९४६ च्या सुमारास निवडणुका घेतल्या गेल्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. शेतात राबणाऱ्या बहुतेक माणसांना जिथे मतच नव्हतं, त्या सभागृहात बसून काय मिळणार होतं? स्वामीजींची मागणी साधी होती: जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांनी निवडलेलं आणि लोकांना उत्तर देणारं सरकार.

पेच

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद अधांतरी राहिलं. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. करार कागदावर राहिला आणि गावोगावी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, धुमाकूळ वाढला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. संस्थानाचं भवितव्य पेटवणारा माणूस हैदराबादच्या कुठल्या हवेलीतून आला नव्हता. तो आपल्या लातूरच्या कचेरीत वकिली करत होता.

नांदेड जिल्हा गप्प बसला नव्हता. १९४६ मध्ये बिलोलीकडे गोविंदराव पानसरे यांचा रझाकारांनी खून केला. कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी प्राणपणाने झुंज दिली. आणि उमरीची गोष्ट तर सिनेमात दाखवली तर कुणाला खरी वाटणार नाही. ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या सरकारी बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

निजामाने ऑगस्ट १९४८ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. ११ सप्टेंबरला कराचीत जिना वारले. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.

पाच दिवस

मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो. मुख्य फळी सोलापूरकडून आली, मेजर जनरल चौधुरींच्या चिलखती डिव्हिजनची. पहिली मोठी गाठ नळदुर्गला पडली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हाती यायला हवा होता, आणि तो आला. औरंगाबादेकडून दुसरी फळी उतरली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादचा विषय चर्चेला घेत होती, आणि दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. पंतप्रधान लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १८ तारखेला हैदराबादी फौजेचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली.

आपण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावतो तो याच दिवसासाठी.

मिशीवाले जनरल

चौधुरी जन्माने बंगाली, १९०८ सालचे. दाट मिशीमुळे लष्करात त्यांना ‘मुच्छू’ म्हणत. त्यांचे आजोबा व्योमेशचंद्र बॅनर्जी, म्हणजे १८८५ च्या मुंबई अधिवेशनाचे, काँग्रेसचे पहिलेच अध्यक्ष. ज्या स्टेट काँग्रेसवर निजामाने बंदी घातली होती, तिच्या मातृसंस्थेच्या पहिल्या अध्यक्षाचा नातू निजामाच्या राज्याचा कारभारी झाला.

आणखी एक: गणवेशात असतानाच ते ‘स्टेट्समन’ वृत्तपत्रासाठी नाव न घालता लष्करी विषयांवर लिहीत. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा दक्षिण विभागाचे सेनापतीही तेच होते. म्हणजे मराठी मुलखाच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन जुन्या राजवटी संपताना एकच माणूस हजर होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर लष्करप्रमुखपद त्यांच्याकडे आलं. पुढे ते कॅनडात भारताचे उच्चायुक्त होते.

एका माणसाचं विधिमंडळ

आता मुख्य गोष्ट. हैदराबादेत कुणी सैनिक बंदुका घेऊन सभागृहात घुसला नाही. काम कागदावर झालं. १९ सप्टेंबर १९४८ ला निजामाने फर्मान काढलं आणि राज्यकारभाराचे सगळे अधिकार मेजर जनरल चौधुरींना दिले. मंत्रिमंडळ आधीच गेलं होतं. निजामी विधिमंडळाला कुणी विचारलं नाही, त्याच्यासाठी कुणी रडलंही नाही.

पण कायदेपंडितांनी पुढे एक शंका काढली: कारभाराचे अधिकार दिले, मग कायदा करण्याचा अधिकार त्यात आला का? म्हणून ७ ऑगस्ट १९४९ ला निजामाने दुसरं फर्मान काढून खुलासा केला की, होय, तो अधिकार त्यात आहे आणि पहिल्यापासून होता. अकरा महिने जनरलसाहेब कायदे करत होते, आणि ते करायची परवानगी होती हे अकरा महिन्यांनी लिहून मिळालं! या फर्मानांचा कीस पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात पडला.

दुसऱ्या फर्मानानंतर आठच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४९ ला, मराठवाड्याच्या मातीवर सर्वांत खोल उमटलेला कायदा आला. त्याचं नाव वाचा: ‘हैदराबाद (जहागीर निर्मूलन) विनियम, १३५८ फसली’. दिल्लीचं सरकार, बंगाली जनरल, निजामाचा अधिकार आणि वर मोगलाईतलं साल. एका ओळीत चार राजवटी. संस्थानातली सुमारे तीस टक्के जमीन जहागिरींत होती. आणखी दहा टक्क्यांच्या आसपास सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खाजगी खर्चाची. सर्फेखास त्याच वर्षी आधी सरकारजमा झाली होती. जहागिरीतल्या रयतेला तोवर सरकारी कायद्याचं कवच जेमतेम मिळायचं. सारा जहागीरदाराचा, कचेरी जहागीरदाराची, बऱ्याच ठिकाणी पोलीसही त्याचे. निजामाच्या धंदेवाईक मतदारसंघांचं सभागृह आणखी पन्नास वर्षं चाललं असतं तरी हा कायदा त्याने केला नसता, कारण जहागीरदारच तिथे बसले होते.

नाण्याची दुसरी बाजू मात्र झाकू नये. त्याच लेखणीने १३५८ फसलीतच खास न्यायाधिकरणं उभी केली. तेलंगणातल्या कम्युनिस्ट शेतकऱ्यांचे खटले त्यांच्यापुढे चालले आणि बाराजणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांच्यासाठी ब्रिटनहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले. शेवटी त्या फाशा टळल्या. सभागृह नसतं तेव्हा चांगला कायदाही झटपट होतो आणि कठोर कायदाही. प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं.

ज्याविषयी आपण कमी बोलतो

मजेशीर माहितीच्या लेखात हा परिच्छेद बसत नाही, पण नांदेडच्या माणसाने तो गाळू नये. ऑपरेशन पोलोनंतरच्या (लोकांच्या भाषेत पोलीस ॲक्शननंतरच्या) आठवड्यांत संस्थानात मुसलमान वस्त्यांवर मोठा सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं. त्याच्या अहवालाचा अंदाज होता की, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे, आणि त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेल्यांची झालेली कत्तलही खरी. दोन्ही आपल्याच शिवारात घडलं.

इतरांनी सभागृहं कशी गुंडाळली

*लंडन, २० एप्रिल १६५३.* ऑलिव्हर क्रॉमवेल साध्या काळ्या कपड्यांत पार्लमेंटमध्ये येऊन बसला, थोडा वेळ ऐकलं, मग उठून सभासदांना एकेकाचं नाव घेऊन शिव्या घातल्या आणि बंदूकधारी शिपाई आत बोलावले. सभागृहाचा राजदंड त्याच्या हुकमाने खेळणं उचलावं तसा उचलून नेण्यात आला. दाराला कुलूप. पुढे दारावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली की, ही जागा भाड्याने देणे आहे, आत सामान नाही. क्रॉमवेलची अखेर विचित्र. १६५८ मध्ये वारला, राजसत्ता परतली, १६६१ मध्ये त्याचं प्रेत उकरून फासावर लटकवलं. त्याचं डोकं पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत राहिलं आणि १९६० साली केंब्रिजच्या एका कॉलेजात पुरलं गेलं. त्याचा पुतळा मात्र आज त्याच पार्लमेंटबाहेर उभा आहे.

*सॅन-क्लू, फ्रान्स, १० नोव्हेंबर १७९९.* हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. नेपोलियन बोनापार्ट पाचशेंच्या सभेत शिरला तेव्हा सभासदांनी त्याला घेरलं, कॉलर धरली, त्याला कायद्याबाहेरचा गुन्हेगार ठरवा अशा आरोळ्या ठोकल्या. रणांगणावर न डगमगणारा नेपोलियन पांढराफटक पडला. सैनिकांनी त्याला बाहेर काढलं. वाचवलं ते त्याच्या धाकट्या भावाने. लुसिएँ बोनापार्ट त्या दिवशी त्याच सभेचा अध्यक्ष होता! तो घोड्यावर बसून बाहेरच्या सैनिकांना म्हणाला की, आत मूठभर खंजीरवाले सभेला धमकावताहेत. मग ढोल वाजले, सेनापती म्युराचे सैनिक संगिनी रोखून आत गेले आणि सभासदांनी खिडक्यांतून बागेत उड्या टाकल्या. रात्री सैनिकांनी आसपास हुडकून काही सभासद गोळा केले आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्याकडून नव्या सरकारला मंजुरी घेतली. सभा मोडून काढली, पण कागदावर सभेची सही हवीच होती.

*माद्रिद, ३ जानेवारी १८७४.* जनरल पाव्हियाने मतमोजणी चालू असताना स्पेनची संसद रिकामी केली. तो घोड्यावरून सभागृहात शिरला, असं स्पेनमध्ये आजही सांगतात. प्रत्यक्षात तो आत गेलाच नाही, बाहेरूनच हुकूम सोडत राहिला. दंतकथेतला घोडा मात्र दीडशे वर्षं दौडतो आहे.

*तेहरान, २३ जून १९०८.* इराणच्या शहाने आपल्या नव्याकोऱ्या मजलिसवर तोफा डागल्या, आणि तोफा डागणारा कर्नल लियाखोव्ह होता रशियन. तेरा महिन्यांत शहाच पदच्युत झाला.

*रंगून, २ मार्च १९६२.* जनरल ने विन. संसद बरखास्त. बर्मी जनतेला पुढची बहुपक्षीय निवडणूक मिळाली १९९० मध्ये, आणि तिचा निकाल लष्कराने मानलाच नाही.

*सुवा, १४ मे १९८७.* फिजी. लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका साध्या कपड्यांत प्रेक्षक गॅलरीत बसला होता. दहाच्या सुमारास तोंडाला मुखवटे चढवलेले सैनिक आत आले आणि सगळं सरकार उचलून घेऊन गेले. त्या सरकारात गिरमिटिया म्हणून गेलेल्या भारतीयांची नातवंडं मंत्री होती, हेच दुखणं. राबुकाचं लष्करी शिक्षण काही अंशी आपल्याकडेच झालं, तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात. पुढे तो निवडणूक जिंकून दोनदा पंतप्रधान झाला, पहिल्यांदा १९९२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये.

*कराची आणि रावळपिंडी.* ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी पाकिस्तानची राज्यघटना रद्द केली, विधानसभा मोडल्या आणि मार्शल लॉची किल्ली अयुब खानांच्या हाती दिली. वीस दिवसांत अयुबनी मिर्झांनाच देशाबाहेर पाठवलं. स्वतः अयुब १९६९ मध्ये पायउतार झाले, तेव्हा त्यांनीच लिहवून घेतलेल्या १९६२ च्या घटनेप्रमाणे सत्ता सभागृहाच्या सभापतीकडे जायला हवी होती. त्यांनी ती जनरल याह्या खानांकडे दिली. आणि जनरल झिया यांनी ५ जुलै १९७७ ला नव्वद दिवसांत निवडणुका घेतो असं सांगितलं होतं. ते अकरा वर्षं सत्तेवर राहिले.

जिथे डाव फसला

२३ फेब्रुवारी १९८१ ला पुन्हा माद्रिद. लेफ्टनंट कर्नल तेहेरोने पिस्तूल नाचवत साडेतीनशे खासदारांना रात्रभर ओलीस धरलं. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस सेनापतीच्या गणवेशात टीव्हीवर आला आणि त्याने घटनेची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड संपलं. छतातली गोळ्यांची भोकं स्पेनने अजून बुजवलेली नाहीत.

३ डिसेंबर २०२४ ला रात्री दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला आणि संसदेचं कामकाज बंद केल्याचा आदेश निघाला. सभापतींनी वयाच्या साठीनंतर कुंपणावरून उडी मारली. सैनिक इमारतीत घुसत असताना १९० सभासदांनी आत मतदान केलं आणि मार्शल लॉ एकमताने फेटाळला. पहाटेपर्यंत तो मागे घेतला गेला. मला या सगळ्या यादीत ही रात्र सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी भाषणं केली नाहीत, गणपूर्ती केली.

आपल्याकडे किल्ली परत कशी आली

चौधुरींच्या हाताखाली मुलकी कारभार पाहायला डी. एस. बखले हे आय. सी. एस. अधिकारी होते. म्हणजे लष्करी राजवटीतही रोजची फाईल मुलकी माणसाच्या टेबलावरून जात होती, आणि वर सरदार पटेलांचं खातं होतं. मला वाटतं, सँडहर्स्टच्या दोन वर्गमित्रांच्या वाटा इथेच वेगळ्या झाल्या. स्वभावाचा भाग असेल, पण चौधुरींच्या वर एक निवडून आलेलं सरकार होतं. अयुब खानांच्या वर कुणी नव्हतं.

२३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने भारताची घटना संस्थानाला लागू केल्याचं फर्मान काढलं. डिसेंबर १९४९ मध्ये लष्करी गव्हर्नरपद संपलं आणि एम. के. वेल्लोडी हे मुलकी मुख्यमंत्री आले. २६ जानेवारी १९५० ला निजाम राजप्रमुख झाले. आणि १९५२ च्या सुरुवातीला लोह्या-कंधारच्या शेतकऱ्याने, शेतमजुराने, त्यांच्या बायकांनी पहिल्यांदा मत टाकलं. धंदा कुणी विचारला नाही.

१७५ जागांची ती हैदराबाद विधानसभा. काँग्रेस ९३, कम्युनिस्टांची पी. डी. एफ. आघाडी ४२, समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री आणि आपल्या नांदेडचे वकील दिगंबरराव बिंदू गृहमंत्री. काही वर्षांपूर्वी जे निजामी पोलीस त्यांच्या मागावर होते, त्याच खात्याचे ते मंत्री झाले. त्याच निवडणुकीत नळगोंड्याहून लोकसभेवर निवडून आलेले रवी नारायण रेड्डी यांना पंडित नेहरूंपेक्षा जास्त मतं पडली. ज्या राज्यात काल मत नव्हतं तिथला हा आकडा!

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कंधारने पुढे १९५७ पासून केशवराव धोंडगे यांच्यासारखा आमदार दिला, ज्यांच्या आवाजाने मुंबईचं सभागृह दणाणायचं. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला ते गेले. सभागृह म्हणजे काय, हे या भागाला त्यांनी शिकवलं.

उरलेल्या चटकदार गोष्टी

निजामाचे पंतप्रधान लायक अली नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि थेट कराचीत प्रकटले. घरचे लोक, साहेब आजारी आहेत, असं सांगत राहिले.

कासीम रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. लातूरला परतला नाही.

निजामाने सुरक्षा परिषदेतली तक्रार मागे घेतल्याचं सप्टेंबर १९४८ मध्येच कळवलं, तरी ‘हैदराबाद प्रश्न’ परिषदेच्या विषयांच्या यादीत पुढे कित्येक दशकं तसाच पडून होता.

२० सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे शरणागतीनंतर दोन दिवसांनी, निजामाच्या लंडनच्या खात्यातले दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते झाले. पैसे कुणाचे, यावर एकाहत्तर वर्षं भांडण चाललं. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

गोव्यात लष्करी गव्हर्नर होते मेजर जनरल कँडेथ. तेही सहा महिन्यांच्या आत गेले. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याने मतदान केलं आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट तीनदा आली: १९८०, २०१४ आणि २०१९. तिन्ही वेळा आदेशाचा कागद दिल्लीतून आला. कुठल्याही छावणीतून तो निघाला नाही. १९९४ च्या बोम्मई निकालानंतर तर त्या कागदाचीही न्यायालयात तपासणी होऊ शकते.

पेटीतले कागद

आता काम तुमच्याकडे. तुमच्या घरात, आजोबांच्या लोखंडी पेटीत, उर्दू किंवा मोडीतले निजामी कागद असतील. त्यावर १३५० च्या आसपासचं साल दिसलं तर ते इसवी सन समजू नका. फसली सालात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन निघतं. साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासूनच्या तारखेला ५९१ धरा. १३५७ ते १३५९ मधला कागद असेल, तर तो बहुधा याच संक्रमणाच्या काळातला आहे: निजामाची अखेर, जनरलची राजवट किंवा वेल्लोडींची सुरुवात. कुळाची नोंद, जहागिरीचा सारा, खालसा झालेल्या जमिनीची पावती, काहीही असू शकतं.

कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीने आणि महसूल खात्याने असेच जुने दप्तर चाळले, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधली. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आपण सगळ्यांनी वाचला आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कागदाचं वजन आता वेगळं सांगायला नको. तेव्हा त्यांना वाळवी लागण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, गावातल्या उर्दू जाणणाऱ्या थोरामोठ्यांकडून वाचून घ्या, आणि मूळ कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलीत ठेवू नका, कोरड्या जागी सुती कापडात ठेवा.